एखाददुसरा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी : महाराष्ट्रातला कायदा, कर आणि रोजचा व्यवहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

राहत्या घराशिवाय एक-दोन फ्लॅट असलेल्या आणि ते राहण्यासाठी भाड्याने देणाऱ्या मालकांना पडणारे हे प्रश्न आहेत. दुकानं, गोदामं, पागडीच्या खोल्या आणि जुने संरक्षित भाडेकरू यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.

'भाडेकरार' आणि 'लिव्ह अँड लायसन्स' यांत फरक काय? बोलताना तर दोन्हींना भाडंच म्हणतात.

बोलायला काहीच हरकत नाही, कागदावर मात्र फरक मोठा आहे. भाडेपट्ट्याने दिलं की जागेत भाडेकरूचा हक्क निर्माण होतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्या हक्काला संरक्षण देतो. मग भाडं वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही आणि घर परत हवं असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कोर्टात सिद्ध करावं लागतं. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही ठरावीक मुदतीसाठी राहण्याची फक्त परवानगी देता. कायदेशीर ताबा तुमचाच राहतो, समोरचा असतो परवानाधारक (पुढे बोलण्याच्या सोयीसाठी त्यालाच भाडेकरू म्हटलं आहे). मुदत संपली की परवानगी संपली.

म्हणून करारात 'भाडेपट्टा', 'भाडेकरूचा हक्क' असे शब्द चुकूनही येऊ देऊ नका. 'जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील' हे वाक्य हवंच. नेटवरून उतरवलेले दिल्ली-बंगळुरूकडचे नमुने इथे वापरू नयेत, कारण ते भाडेपट्ट्याचे असतात.

करार ११ महिन्यांचाच का करतात? ११ महिन्यांचा असला तर नोंदणी लागत नाही ना?

लागते. हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि महागातही तोच पडतो. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची आहे. देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली ती त्यातून पळवाट म्हणून. महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

शिक्षेपेक्षा खरा फटका पुढच्या वाक्यात आहे. करार नोंदणीकृत नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं पाडायचं असेल तर पुरावा तुम्ही द्यायचा. डिपॉझिट ५०,००० घेतलं होतं आणि तो दोन लाख म्हणाला, तर सुरुवात दोन लाखांपासून होते.

नोटरी केलेला करार चालतो का?

बँकेत पत्ता दाखवायला कदाचित चालेल. घर रिकामं करून घ्यायची वेळ आली की त्याची किंमत कागदाइतकीच.

मुद्रांक शुल्क किती? हिशोब कसा करायचा?

पूर्ण मुदतीचं एकूण भाडं, परत न करायची काही रक्कम घेतली असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्यांची बेरीज करायची. त्यावर ०.२५ टक्के. हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये.

उदाहरण घेऊ. भाडं २०,०००, डिपॉझिट १,००,०००, मुदत ११ महिने. भाड्याचे २,२०,०००, डिपॉझिटवरचं ११ महिन्यांचं व्याज ९,१६७, बेरीज २,२९,१६७. शुल्क सुमारे ५७३ रुपये. नोंदणीचे १,००० धरून साधारण १,५७३. एजंटची सेवा आणि कागद हाताळणीचं शुल्क वेगळं.

तोच करार ३६ महिन्यांचा केला तर बेरीज ७,५०,००० होते, शुल्क १,८७५ आणि नोंदणी १,०००, म्हणजे २,८७५. तीन वेळा ११ महिन्यांचे करार केले तर ४,७०० च्या वर जातात, शिवाय तीन वेळा अंगठे आणि तीन वेळा एजंट. पैशाने पाहिलं तर लांबचा करार स्वस्त. तरीही अनोळखी माणसाबरोबरचा पहिला करार छोटाच ठेवावा, आणि त्याचं कारण घर रिकामं करण्याच्या प्रश्नात येईल.

नोंदणी घरबसल्या होते का?

होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे. दोन्ही बाजूंचे आधार आणि पॅन, मालमत्तेचा तपशील (वीजबिल किंवा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, समोर ठेवून भरावा) आणि दोन साक्षीदार लागतात. शुल्क ऑनलाइन भरायचं, मग अंगठ्याच्या यंत्रावर आधार-पडताळणी आणि वेबकॅमवर फोटो. अधिकृत एजंट यंत्र घेऊन घरी येतात.

अडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. ज्येष्ठांच्या अंगठ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून दहाही बोटं वापरून पाहा, हात कोमट पाण्याने धुवून कोरडे करा, आधार केंद्रात बायोमेट्रिक आधीच अद्ययावत करून ठेवा. दुसरं, फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असतो आणि करारात एकच नाव जातं. इंडेक्स टूवर जितकी नावं तितके मालक करारात हवेत, किंवा बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र हवं. तिसरं म्हणजे एजंटने जुन्या मसुद्यावर नवी नावं टाकलेली असतात आणि आत मागच्या गिऱ्हाइकाचा पार्किंग नंबर तसाच राहतो. अंगठा देण्याआधी मसुदा स्क्रीनवर शेवटपर्यंत वाचा. कंटाळा येतो, पण वाचा.

डिपॉझिट किती घ्यावं? दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं ऐकलं.

दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच अधिनियम चालतो आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. 'देशभर नवे भाडे नियम लागू' असे जे मेसेज फिरतात ते याच आदर्श कायद्यावरून बेतलेले असतात.

आकडा मात्र अंदाजाने ठरवू नका. निघताना भाडेकरू शेवटच्या महिन्याचं भाडं 'डिपॉझिटमधून वळतं करा' म्हणतो, तो एक महिना. वीज आणि गॅसचं न आलेलं बिल. रंगकाम आणि साफसफाई. नळ, कडी, गीझर यांची दुरुस्ती. एवढं भागवून थोडं उरेल इतकं डिपॉझिट हवं. साध्या वन बीएचकेला तीन महिन्यांचं भाडं पुरतं, फर्निचर आणि एसीसकट दिलं असेल तर चार. फार मोठं डिपॉझिट मागितलं की चांगले भाडेकरू पाठ फिरवतात, आणि परत करताना तीच रक्कम तुमच्याही गळ्याशी येते. ते पैसे वापरू नका, वेगळी मुदत ठेव करा. रोख घेऊ नका. बँकेतून आलेली रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक करारात लिहा.

घर ताब्यात देताना काय काय करायचं?

पुढचे बरेच वाद याच दिवशी मिटवता येतात. रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ सुरू करून, प्रत्येक दिवा लावून, गीझर तापवून, फ्लश ओढून, खिडक्यांचे स्लायडर सरकवून, भिंतींचे कोपरे आणि बाथरूमचं छत दाखवून. तो लगेच भाडेकरूला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. वीजमीटरचं रीडिंग आणि पाइप गॅस असेल तर त्याचंही, आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो. किल्ल्या किती दिल्या तो आकडा. वस्तूंची यादी कराराला जोडा, आणि त्यात 'पंखे ३' एवढंच न लिहिता कंपनी, चालू स्थिती आणि असलेले डाग-पोचे लिहा.

झीज आणि नुकसान यांतला फरक करारातच लिहून टाका. रंग फिका होणं, नळाचा वॉशर जाणं, गीझरची कॉइल जाणं ही झीज, मालकाकडे. टाइल फुटणं, दाराला भोक पडणं, सिंकमध्ये भांडं आपटून तडा जाणं हे नुकसान, भाडेकरूकडे. १,००० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने परस्पर करावी, त्यावरची मालकाला विचारून, ही अट दोघांनाही सोयीची. रंगकामाबद्दल मालक मंडळी थोडी जास्तच ताणतात असं आमचं मत आहे. अडीच-तीन वर्षं राहून गेलेल्या माणसाकडून पूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापून घेणं न्यायाला धरून नाही. वर्षाच्या आत गेला तर ठरलेली रक्कम कापावी आणि ती आधी लिहिलेली असावी.

पोलिसांना कळवणं खरंच गरजेचं आहे का?

पोलिस आयुक्तालयांच्या हद्दीत भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश वेळोवेळी निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आदेश मोडला तर गुन्हा मालकावर नोंदवला जातो. माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर फुकट भरता येते. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता आणि ओळखणाऱ्या दोघांचे फोन लागतात. पावती जपून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर याशिवाय २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

सोसायटी 'आधी एनओसी आणा' म्हणते. बिनलग्नाच्या मुलांना देऊ नका म्हणते.

आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि नोंदणीकृत कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढं कर्तव्य आहे. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र एकदा बघा.

'मुलांना देऊ नका' असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला तरी उपविधींपेक्षा तो मोठा होत नाही. पण सेक्रेटरीशी भांडून दिलेल्या घरात भाडेकरू सुखाने राहत नाही. गेटवर अडवाअडवी, लिफ्टचे पैसे, पाहुण्यांची नोंद असं सुरू होतं. आधी जाऊन भेटा, भाडेकरूची ओळख करून द्या, सोसायटीचे नियम करारात जोडा. तेवढ्याने बरंच काम होतं. तरीही छळ सुरू राहिला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. ते किती घेऊ शकतात?

राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मेख 'सेवा शुल्क' या शब्दात आहे. महिन्याच्या पूर्ण बिलाच्या १० टक्के घ्यायचे नसतात. महापालिकेचा कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी बाजूला काढायचे. सफाई, वॉचमन, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च असं जे उरतं त्यावर १० टक्के. बिल ३,५०० चं असेल आणि त्यात सेवा शुल्क १,८०० असेल, तर आकारणी १८० रुपये. ३५० लावले असतील तर फरक परत मागा. घरात आईवडील, मुलगा-मुलगी, सख्खा भाऊ-बहीण असं जवळचं कुटुंब राहत असेल तर ही आकारणी होतच नाही.

भाडेकरू मुदत संपूनही जात नाही. काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते. कुलूप बदलू नका, सामान बाहेर काढू नका, पाणी-वीज तोडू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं हा याच अधिनियमाच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि हातातली सोपी केस तुम्ही स्वतःच अवघड करून घेता.

नोंदणीकृत करार असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे नेहमीचं दिवाणी कोर्ट नव्हे, मालकांसाठी ठेवलेली जलद वाट आहे. करारात लिहिलेल्या गोष्टींबाबत करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे 'माझं तोंडी वेगळंच ठरलं होतं' हे चालत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने बचावासाठी परवानगी मागायची असते, मागितली नाही तर घर रिकामं करण्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. प्रत्यक्षात ३०,००० भाडं असताना करारात '१५,००० दाखवू, शुल्क वाचेल' केलं असेल, तर भरपाई १५,००० च्या दुप्पट. शुल्कात वाचलेले असतात जेमतेम चारशे रुपये.

अर्जाला लागतात : नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, मुदत संपल्याची व ताबा मागितल्याची रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस, थकबाकीचा हिशोब, बँक स्टेटमेंट. एक चूक वारंवार होते. मुदत संपल्यावर मालक काही न लिहिता पुढचे तीन-चार महिने भाडं घेत राहतात, आणि मग समोरचा म्हणतो की नवा तोंडी करार झाला. मुदत संपल्यावर आलेली रक्कम 'जागा वापरल्याबद्दलची भरपाई म्हणून, हक्क राखून स्वीकारली' असं त्याच दिवशी लेखी कळवा.

आता पहिला करार छोटा का ठेवायचा, ते राहिलेलं कारण. कलम २४ मध्ये मुदत 'संपल्यावर' असा शब्दप्रयोग आहे. ३६ महिन्यांच्या करारात सातव्या महिन्यातच भाडं थांबलं, तर करार मध्येच संपवून ही वाट मिळते का यावर वाद घालायला जागा राहते, आणि वकिलाला ती जागा पुरते. ११ महिन्यांच्या करारात फार तर चार महिने थांबावं लागतं. पहिली वेळ ११ महिने, माणूस पारखला की पुढे ३६, असं करणारे शहाणे.

एखादा भाडेकरू १२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं का?

नाही. १२ वर्षांचा नियम प्रतिकूल ताब्याचा आहे, म्हणजे मालकाचा हक्क उघडपणे नाकारून बसलेल्याचा. तुमच्या परवानगीने राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याचा ताबा परवानगीचाच. करार नियमित नवे केलेत तर ही भीती मनातून काढून टाका.

भाड्यावर आयकर कसा लागतो?

वर्षभराच्या भाड्यातून महापालिकेचा कर वजा होतो, पण तुम्ही भरलेला आणि त्याच वर्षात भरलेला असेल तरच. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट, पावत्या लागत नाहीत. मग गृहकर्जाचं व्याज. उरतं ते करपात्र. सोसायटीचा मेंटेनन्स, दलाली, रंगकाम, एजंट हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं, वेगळं मिळत नाही. व्याज जास्त होऊन तोटा आला, तर जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो तसा वजा होत नाही. कर्जावर फ्लॅट घेऊन भाड्याने देणाऱ्यांचं गणित इथे बदलतं, त्यामुळे प्रणाली निवडण्याआधी दोन्हीकडून आकडा काढा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदललेत. जुने लेख वाचताना क्रमांकांवर जाऊ नका.

भाडं कराराप्रमाणे बायकोच्या खात्यात घेतलं, पण फ्लॅटचे पैसे सगळे नवऱ्याने घातले असतील, तर ते उत्पन्न नवऱ्याच्याच नावे धरलं जातं.

भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर वैयक्तिक भाडेकरूनेही २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो (१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी ५ टक्के होता). त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, पॅनवर भागतं. आणि भाडेकरू नोकरीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल, तर वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असताना तो तुमचा पॅन देणार. तेव्हा उत्पन्न दाखवायचं नाही हा विचार सोडा.

मी अमेरिकेत आहे, फ्लॅट पुण्यात. वेगळं काय?

मालक अनिवासी असला की भाडं कितीही लहान असो, भाडेकरूने ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के (मोठ्या उत्पन्नावर अधिभारही) टीडीएस कापायचा असतो, आणि त्यासाठी टॅन घ्यावा लागतो. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीतच नसतं, तेव्हा करारात स्पष्ट लिहा. तुमचा प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र घेता येतं, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा. भाडं एनआरओ खात्यात (भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासींचं बँक खातं) घ्या. इथल्या भावाला किंवा मित्राला कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करा किंवा अपोस्टिल (परदेशात मान्य होणारं तिथल्या सरकारचं प्रमाणन) करून पाठवा, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. तीन महिने पाकीट कपाटात राहतं आणि मग दंड भरावा लागतो, हे नेहमीचंच.

भाड्यासाठी म्हणून फ्लॅट घेणं परवडतं का?

कागदावर मांडा. पुण्यात ४५ लाखांचा वन बीएचके. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी धरून पडला ४८.४५ लाखांना. भाडं १४,०००. वर्षात एक महिना रिकामा जातो असं धरा, हातात १,५४,०००. मेंटेनन्स २४,०००, मिळकतकर ६,०००, दुरुस्ती-रंग १२,०००, दलाली ७,००० वजा केले तर १,०५,०००. म्हणजे २.२ टक्क्यांच्या आतच, तेही आयकराआधी. ब्रोकर सांगतो तो आकडा १४,००० गुणिले १२ भागिले ४५ लाख, म्हणजे ३.७ टक्के. दोन्हींमधला फरक तुमच्या खिशातून जातो. किमती वाढतील या हिशोबाने घेत असाल तर तसं स्वतःशी कबूल करा, 'हप्ता भाड्यातून निघेल' म्हणून घेऊ नका. तो निघत नाही.

पुणे महापालिका हद्दीत आणखी एक गोष्ट. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्क्यांची सवलत मिळते, आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरलेला असतो. घर भाड्याने दिलं की ती सवलत लागू नाही. पाहणीत आढळलं तर फरकाची मागणी येते, म्हणून वरच्या हिशोबात सवलतीविना येणारा कर धरा. फ्लॅटवर गृहकर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्रही एकदा काढून वाचा. काही बँकांची भाड्याने देण्याआधी कळवण्याची अट त्यात बारीक अक्षरात असते.